जावेचं पॅरिस वेगळं, तुझं वेगळं

पत्र: ताई, येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच युरोपला जायचं ठरवलंय, १२ दिवस. सहा वर्षं पैसे बाजूला टाकत होतो. आता झालंय असं की माझी जाऊ मागच्या वर्षी टूरबरोबर जाऊन आली, ती म्हणते पॅरिस घाण आहे, लोक उद्धट आहेत, व्हेनिसला गटाराचा वास येतो, पैसे वाया गेले. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते पॅरिससारखं शहर जगात नाही, निघताना तिला रडू आलं. भाचा म्हणतो रोमला पाकीट मारतात, त्यापेक्षा व्हिएन्ना करा. फॅमिली ग्रुपवर रोज नवीन मत. ह्यांचं म्हणणं, परत कधी जाणार, सात-आठ शहरं एकदाच करून टाकू. ह्यांचे गुडघे जरा दुखतात. दोघंही शाकाहारी. मला बाजार आणि जुन्या गल्ल्या आवडतात, ह्यांना रेल्वेचं वेड. कोणाचं ऐकू? — गोंधळलेली, डोंबिवली

प्रिय मैत्रिणी,

तुला एकेरीतच लिहिते, पत्र वाचतानाच धाकट्या बहिणीसारखी वाटलीस. २५ वर्षांचं अभिनंदन, आणि सहा वर्षं नेमाने पैसे बाजूला टाकलेत त्याचं त्याहून जास्त.

तुझी जाऊ खोटं बोलत नाहीये. मैत्रीणही नाही. दोघी पॅरिसला जाऊन आल्या हे खरं, पण दोघींनी बघितलेलं पॅरिस एक नव्हतं. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये, ती दोन्ही पॅरिसं मी स्वतः बघितलीयेत म्हणून सांगतेय.

२०११ ला मी पहिल्यांदा गेले ती टूरबरोबर, १४ दिवसांत नऊ देश. पॅरिसला दोन रात्री. हॉटेल शहराबाहेर विमानतळाच्या अंगाला, हायवेला लागून, सकाळी सहाला उठवायचे, साडेसातला बस, मग तासभर ट्रॅफिक, आयफेलच्या रांगेत दीड तास, वर वीस मिनिटं, खाली आल्यावर बसच्या काचेतून डावीकडे हे बघा उजवीकडे ते बघा, आणि संध्याकाळी सीन नदीतली बोट, तोपर्यंत आमच्यातले निम्मे लोक बसल्याजागी पेंगत होते. रात्री जरा पाय मोकळे करायला बाहेर पडलो तर समोर पेट्रोल पंप आणि गोडाऊनं. मी परत येऊन सगळ्यांना सांगितलं की पॅरिसमध्ये काही खास नाही, आणि तेव्हा ते माझ्यापुरतं अगदी खरं होतं.

मग २०१८ च्या जूनमध्ये पुतणी तिथे शिकत होती तिच्याकडे आठ दिवस राहिले. पॅरिसचे २० विभाग आहेत, गोगलगाईच्या शंखासारखे मधून सुरू होऊन गोल गोल बाहेर जातात, ती ११व्यात राहायची, बास्तीयच्या जवळ. तिथे गुरुवारी आणि रविवारी सकाळी रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात बाजार भरतो, मासे, चीज, फुलं, भाज्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी पहिल्याच दिवशी फळवाल्यासमोर उभी राहून आपल्या सवयीने पीच उचलून दाबून बघायला लागले आणि तो माणूस जोरात ओरडला माझ्यावर. मला इतकं लागलं ना ते. मनात आलं की लोक म्हणतात तेच खरं, उद्धटच आहेत. पुतणी म्हणाली काकू थांब, आधी त्याला बोंझूर म्हण, आणि हात लावायचा नाही, काय हवंय ते सांगायचं. मी म्हटलं बोंझूर. तोही बोंझूर म्हणाला, आणि मग त्याने विचारलं की आज खाणार की उद्या? आज दोन आणि उद्यासाठी दोन असं सांगितल्यावर त्याने एकेक फळ बोटांनी नुसतं टेकवून बघत चार पीच निवडून दिले, आजचे वेगळ्या पिशवीत, उद्याचे वेगळ्या. ते उद्याचे खरंच दुसऱ्या दिवशीच पिकले होते. पुढच्या वेळी बाजार भरला तेव्हाही मी त्याच्याकडेच गेले.

तर हा उद्धटपणाचा जो विषय आहे ना, त्यातला बराचसा भाग त्या एका शब्दात आहे. फ्रान्समध्ये दुकानात शिरणं म्हणजे कोणाच्या तरी घरात शिरल्यासारखं असतं, शिरल्यावर आधी बोंझूर म्हणायचं, बेकरीत, बसमध्ये ड्रायव्हरला, तिकीट खिडकीवर, सगळीकडे. आपल्याकडे कोणी दारात उभं राहून 'आहे का कोणी घरात' न म्हणता सरळ स्वयंपाकघरात आला तर आपल्याला कसं वाटेल, तसं त्यांना वाटतं जेव्हा आपण आत शिरल्या शिरल्या इंग्लिशमध्ये किंमत विचारतो. ग्रुपबरोबर ४० माणसं एकदम दुकानात शिरतात, कोणी कोणाला बोंझूर म्हणत नाही, दुकानदार तोंड फिरवतो, आणि ४० माणसं घरी येऊन सांगतात की पॅरिसचे लोक वाईट. तुझी जाऊ त्या ४० मधली एक असेल, तिला हे आधी कोणी सांगितलंच नसेल तर तिचा काय दोष.

घाणीचं म्हणशील तर तेही कधी गेलीस त्यावर. २०२३ च्या मार्चमध्ये तिथे निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्यावरून मोठे संप झाले, कचरा उचलणारे लोकही संपावर होते, शहरात हजारो टन कचरा फुटपाथवर साचला होता. त्या पंधरा दिवसांत जो कोणी गेला असेल त्याच्यासाठी पॅरिस म्हणजे कायमचा कचरा. गार द्यू नोर स्टेशनच्या आसपास एरवीही कळकटपणा आहे, लपवण्यासारखं काही नाही, मेट्रोच्या बोगद्यांत लघवीचा वास येतो, हे सगळं खरंय. पण त्याच स्टेशनपासून थोडं चालत गेलीस की ला शापेल नावाचा भाग लागतो, सगळी श्रीलंकेतल्या तामिळ लोकांची दुकानं, केळीची पानं, डोसे, कढीपत्ता सगळं मिळतं, आणि तिथे एक गणपतीचं देऊळ आहे, १९८५ सालचं, माणिक्क विनायकर. दरवर्षी साधारण ऑगस्टअखेरीस तिथून रथ निघतो आणि पॅरिसच्या डांबरी रस्त्यावर ढिगाने नारळ फोडतात. युद्धामुळे घरदार सोडून आलेल्या लोकांनी उभं केलेलं देऊळ आहे ते, मी तिथे बराच वेळ नुसती बसून होते. जाऊबाईंच्या बसनेही तो भाग ओलांडला असेल कदाचित.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. हिरोआकी ओता म्हणून एक जपानी मानसोपचारतज्ज्ञ पॅरिसमध्ये काम करायचे, त्यांच्या लक्षात आलं की काही जपानी लोक पॅरिसला येऊन अक्षरशः आजारी पडतात, घाबरतात, धडधडतं, कारण मनातलं पॅरिस आणि समोरचं पॅरिस जुळतच नाही. त्याला पॅरिस सिंड्रोम असं नावच पडलं. असे लोक फार थोडे, आणि भाषेची अडचण, प्रवासाचा थकवा हेही त्यात असतं, पण त्याची सौम्य आवृत्ती मी आपल्या लोकांत पुष्कळ बघितलीये. लूव्रमध्ये मोनालिसा बघायला जातात, ७७ बाय ५३ सेंटीमीटरचं चित्र, काचेआड, समोर दोनेकशे हात मोबाइल वर करून, आणि लगेच 'एवढंसंच?' म्हणून बाहेर. त्याच दालनात बरोबर समोरच्या भिंतीवर वेरोनेसेचं लग्नाच्या जेवणाचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सगळ्यात मोठं, त्यात वाढपी आहेत, वाजवणारे आहेत, कुत्री आहेत, आपल्या लग्नाच्या पंगतीत दिसतं ते सगळं आहे. माणसं त्याच्याकडे पाठ करून उभी असतात. तू उलटी फिर आणि ते बघ. आणि लक्षात ठेव, ते मूळचं व्हेनिसच्या एका मठातलं, १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने कापून उचलून नेलं, व्हेनिसला गेलीस की सॅन मार्को ह्या मुख्य चौकासमोर पाण्यापलीकडे तो मठ दिसतो तुला, सॅन जॉर्जो.

ब्रुसेल्सचंही तसंच, लोक त्या सू करणाऱ्या पोराचा पुतळा बघायला जातात, तो जेमतेम ५५ सेंटीमीटरचा, मग म्हणतात ब्रुसेल्स बोगस. पाच मिनिटांवरचा ग्रां प्लास चौक रात्री दिव्यांत बघत नाहीत कारण बस संध्याकाळीच पुढे निघालेली असते.

आता व्हेनिस, कारण त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

वास येतो का? येतो, उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी छोट्या कालव्यांत येतो, कायम नाही आणि सगळीकडे नाही. पण टूर तिथे कधी पोचतात ते बघ. राहायचं मेस्त्रेला किंवा अजून लांब, म्हणजे जमिनीवरच्या बाजूला, सकाळी दहाला बोटीने सॅन मार्कोला उतरायचं, चौक, काचेचा कारखाना, गोंडोला, चारला परत. म्हणजे शहर जेव्हा सगळ्यात जास्त तुंबलेलं असतं, ऊन डोक्यावर असतं, बरोबर तेच सहा तास. जुन्या बेटावर १९५१ मध्ये पावणेदोन लाख लोक राहायचे, आज ५० हजारसुद्धा नाहीत, आणि दिवसा बाहेरून येणारी माणसं कित्येकदा त्याहून जास्त असतात. ह्या गर्दीपायी २०२४ पासून ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश फी लावली, ५ युरो, आणि आता आयत्या वेळी काढली तर १०. रात्री राहणाऱ्यांना माफ आहे, पण ऑनलाइन नोंद करून माफीचा कोड काढून ठेवावा लागतो, तो काढ.

आणि म्हणून मी म्हणते व्हेनिसला जायचं तर रात्री तिथेच राहायचं, बेटावरच, हॉटेल थोडं महाग पडलं तरी, आणि सॅन मार्कोजवळ नाही तर कान्नारेज्योमध्ये, स्टेशनच्या बाजूला. संध्याकाळी सातनंतर ती सगळी गर्दी ओसरते, आणि मग जे उरतं ना, म्हणजे गाड्याच नाहीत त्या शहरात, स्कूटर नाही, हॉर्न नाही, फक्त पावलं वाजतात दगडावर, कुठल्यातरी खिडकीतून भांडी घासल्याचा आवाज येतो, पोरं चौकात फुटबॉल खेळतात, आज्ज्या कुत्र्याला घेऊन बाकावर बसलेल्या असतात. सकाळी सहाला बाहेर पडलीस तर भाजीची बोट दिसेल, कचऱ्याची बोट दिसेल, सिमेंटची पोती घेऊन चाललेली बोट. ते बघताना मला कळलं की हे शहर लोकांनी खरंच पाण्यावर रोज चालवायचं ठरवलेलं आहे, ४०० हून जास्त पुलांवरून हातगाड्या पायऱ्या चढवत. तुझ्यासारख्या बाजारवेडीला ते आवडणार हे मी लिहून देते. गोंडोलाला दिवसा अर्ध्या तासाचे ९० युरो ठरलेला दर आहे, तेवढे नकोसे वाटले तर ग्रँड कॅनॉल ओलांडायला त्राघेत्तो नावाची साधी होडी असते, तीही गोंडोलाच, दोनेक युरोत दोन मिनिटांत पलीकडे.

गुडघ्यांसाठी मात्र पुलांच्या पायऱ्या आहेत हे खरं, त्यामुळे हॉटेल घेताना वापोरेत्तोच्या, म्हणजे पाण्यावरच्या बसच्या, थांब्यापासून आणि स्टेशनपासून मधे किती पूल लागतात ते हॉटेलवाल्याला मेल करून विचार, ते सांगतात नीट. बॅग एकच आणि लहान.

आता तुझ्या भाच्याबद्दल. व्हिएन्ना सुंदर आहे ह्यात वादच नाही. नळाचं पाणी थेट आल्प्सच्या झऱ्यांचं, कॉफीहाउसमध्ये कॉफीबरोबर ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास येतो आणि एका कपावर तीन तास पेपर वाचत बसलं तरी कोणी उठवत नाही. ट्राम वेळेवर. ज्याला शिस्त, शांतता, संगीत हवंय त्याला दुसरं शहर नको. पण माझी एक मैत्रीण तिथून तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली की मला इथे गुदमरल्यासारखं होतंय, रविवारी सगळी दुकानं बंद, रस्त्यात कोणी मोठ्याने बोलत नाही, मी कोणाशी बोलू. तीच बाई नेपल्सला जाऊन खूश. आणि नेपल्स कसं आहे, तर स्कूटरवर तीन तीन जण, हॉर्न, भिंतींवर रंगवलेला मॅराडोना, गल्लीच्या ह्या बाल्कनीपासून त्या बाल्कनीपर्यंत वाळत घातलेले कपडे, खालून टोपली दोरीने वर ओढून घेणाऱ्या बायका. जर्मनीचा नाहीतर इंग्लंडचा माणूस तिथे जातो आणि म्हणतो वा, काय जिवंतपणा. आपला माणूस जातो आणि म्हणतो एवढे पैसे खर्चून परत भुलेश्वरच बघायचं होतं का. दोघांचंही बरोबर आहे गं. प्रत्येकजण आपल्याकडे जे नाही ते शोधायला निघालेला असतो, आपल्याला तिथे स्वच्छ रिकामा रस्ता हवा असतो आणि त्यांना माणसांचा गलका. म्हणून युरोपियन माणसाने केलेली दहा उत्तम शहरांची यादी आपल्याला लागू होतेच असं नाही, आणि जावेचीही तुला लागू होत नाही.

लिस्बन मला स्वतःला फार जवळचं, आणि त्याचं कारण मी लपवत नाही, माझं माहेर गोव्याचं. तिथल्या मेन्यूकार्डावर 'बटाटा' वाचला तेव्हा डोळे भरून आले, पाव त्यांचा, कोबी त्यांचा, चावी त्यांची, पगारसुद्धा त्यांच्याच शब्दातून आला आपल्याकडे. आणि बेलेंच्या मठात वास्को द गामाची कबर बघताना पोटात तुटलंही, कारण १९६१ पर्यंतचं सगळं घरात ऐकलेलं. एकाच शहराबद्दल दोन्ही एकदम वाटू शकतं. पण तुला मी लिस्बन सांगणार नाही, सात टेकड्या आहेत आणि फुटपाथ गुळगुळीत चुनखडीच्या तुकड्यांचे, पाऊस पडला की घसरतात, ह्यांच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

चोऱ्यांबद्दल भाचा म्हणतो ते मात्र गंभीरपणे घे. रोमला गर्दीच्या बसमध्ये माझी पर्स कापली होती, २०१८ लाच, त्यात १२० युरो आणि आईचं एक जुनं पेंडंट गेलं, पैशांचं काही नाही पण पेंडंटचं अजून वाटतं. त्या संध्याकाळी मला रोम अजिबात नको झालं होतं, त्यामुळे ज्याचं पाकीट गेलंय त्याला मी कधी म्हणत नाही की शहर चांगलं आहे तुम्ही विसरा. फक्त तयारीने जा. पासपोर्ट आणि मोठी रक्कम कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये, वरच्या पर्समध्ये फक्त दिवसभराचे ४० युरो, मोबाइल हॉटेलच्या किंवा कॅफेच्या टेबलावर ठेवायचा नाही. पॅरिसला साक्र कर चर्चच्या पायऱ्यांशी दोरा बांधायला येतात, हात मागे घ्यायचा आणि चालत राहायचं. कागदावर सही मागणाऱ्या मुली येतात, थांबायचंच नाही. रोमला तेर्मिनी स्टेशन आणि ६४ नंबरची बस, बार्सिलोनाला ला रांब्ला. डोंबिवलीहून आठ बावन्नची लोकल पकडणाऱ्या बाईला गर्दीत पर्स पोटाशी कशी धरायची हे मी सांगायला नको, तेच तिथे करायचं, सुट्टीवर आहोत म्हणून सैल सोडायचं नाही एवढंच.

आणि अजून एक बोलते, कारण ह्याबद्दल आपल्या ग्रुप्सवर कोणी बोलत नाही. काही शहरांत लोक पर्यटकांना खरंच वैतागलेत. बार्सिलोनात २०२४ च्या जुलैमध्ये मोर्चात लोकांनी हॉटेलात बाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या, कारण घरभाडी इतकी वाढली की तिथल्याच पोरांना तिथे राहणं परवडेना, घरंच्या घरं पर्यटकांना रोजावर दिली जातात. तिथल्या महापौरांनी २०२८ पर्यंत अशा साधारण १० हजार फ्लॅट्सचे परवाने बंद करायचं जाहीर केलंय. डिसेंबरात गोव्यात माझ्या भावाला घरातून गाडी बाहेर काढता येत नाही तेव्हा तो जे बोलतो तेच ते लोक बोलतात. म्हणून मी शक्यतो राहत्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेत नाही, छोटं हॉटेल घेते, आणि जिन्यात रात्री मोठ्याने बोलत नाही. समोरचा तुटक वागला तर त्यामागे हेही असू शकतं.

बरं, आता ह्यांच्या सात-आठ शहरांचं. ह्यांना कागद-पेन घेऊन बसव. शहर बदललं की सकाळी बॅगा भरा, चेकआउट, स्टेशन, गाडी, नवीन हॉटेल शोधा, चेकइन तीनला, म्हणजे निम्मा दिवस गेलाच. आठ शहरं म्हणजे सात बदल, १२ पैकी साडेतीन दिवस नुसते बॅगा ओढण्यात. आणि दुखरे गुडघे घेऊन. मी म्हणेन तीन शहरं. पॅरिस पाच रात्री, व्हेनिस तीन, रोम तीन. मुंबईहून पॅरिसला जायचं आणि रोमहून परत यायचं, तिकीट तसं एकत्र काढता येतं, परत पॅरिसला यायची गरज नाही. आणि व्हिसाला ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, ह्या हिशोबाने तुमच्या सहा रात्री इटलीत आणि पाच फ्रान्समध्ये, म्हणजे अर्ज इटलीकडे. फी माणशी ९० युरो, सर्व्हिसचे वेगळे. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, मेला जायचं तर अपॉइंटमेंट आत्तापासून बघायला लाग, शेवटच्या महिन्यावर ठेवू नकोस.

ह्यांना सात-आठ शहरांऐवजी काय मिळणार ते मी सांगते, म्हणजे तेही तयार होतील. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून मिलानला थेट गाडी आहे, साधारण सात तास, आल्प्सच्या पोटातून १८७१ च्या बोगद्यातून जाते, मधे आपल्या कसाऱ्याला कोसळते तशी दरड कोसळून दीड वर्ष बंद होती, २०२५ मध्ये परत चालू झाली. मिलानहून व्हेनिस अडीच तास. पहाटेची गाडी पकडलीत तर संध्याकाळपर्यंत पोचता, पूर्ण दिवस गाडीत, आणि शेवटी ती गाडी समुद्रावरून साडेतीन किलोमीटरहून लांब पुलावरून व्हेनिसमध्ये शिरते, तो पूल १८४६ चा, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू व्हायच्याही सात वर्षं आधीचा. आणि व्हेनिसच्या स्टेशनातून बाहेर आलात की पायऱ्यांच्या खाली रिक्षा स्टँड असावा तसा थेट ग्रँड कॅनॉल. पुढे व्हेनिस-रोम चार तासांच्या आत, ताशी ३०० ने पळणारी गाडी. पॅरिसमध्ये ओर्से म्युझियम दाखव त्यांना, ते १९०० साली बांधलेलं रेल्वे स्टेशनच होतं, त्याचं मोठं घड्याळ अजून आहे, चित्रांत रस नसला तरी छत बघून खूश होतील. सोमवारी बंद असतं. लूव्र मंगळवारी बंद. पॅरिसच्या मेट्रोला पायऱ्या फार, बहुतेक स्टेशनांत लिफ्ट नाही, म्हणून बस वापरा, बाहेरचं दिसतंही.

खाण्याचं फार टेन्शन घेऊ नकोस. पॅरिसला मारे भागात रोझिए गल्लीत फलाफल, शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारपर्यंत ज्यू लोकांचा सुट्टीचा दिवस असतो तेव्हा सोडून. ला शापेलला डोसे. इटलीत पिझ्झा मार्गेरिता कुठेही, रिसोतो म्हणजे त्यांचा मऊ भात किंवा सूप घेतलंत तर 'ब्रोदो'मध्ये, म्हणजे ते ज्या रश्शात शिजवतात त्यात, मांस आहे का ते विचारा. पॅरिसच्या हॉटेलात पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही, 'काराफ दो' म्हणायचं, नळाचं पाणी जगमध्ये फुकट आणून देतात. रोमला रस्त्यारस्त्यांवर लोखंडी नळ आहेत, अडीचेक हजार, सतत गार पाणी वाहतं, बाटली भरून घ्यायची. कॉफी काउंटरला उभं राहून प्यायली की स्वस्त, बसलं की दर वेगळा, त्यावरून भांडणं होतात आणि लोक घरी येऊन सांगतात फसवलं.

जावेशी वाद घालू नकोस. जमलं तर तिला एकदा निवांत विचार की तुम्ही राहिलात कुठे, कितीला पोचलात, तिथे असताना एक तास तरी तुझा तुला मिळाला का. मला वाटतं तिला मिळाला नसेल, आणि ती ज्या चिडीने पॅरिसबद्दल बोलतेय त्यात ते दुःख असेल, तिचेही पैसे कष्टाचेच होते.

तिकीट काढताना एवढं बघ की पॅरिसला बुधवारी पोचाल. म्हणजे दुसऱ्याच दिवशी सकाळी बास्तीयचा बाजार आहे. मेच्या शेवटी गेलात तर चेरी नुकत्या आलेल्या असतील. आधी बोंझूर म्हण, हात लावू नकोस, आणि विचारलं तर सांग, आजच खायच्यात.

तुझी,
ताई